न पडलेला पाऊस

पावसाचा आवाज येत होता आणि पाऊस नव्हता.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. चंद्रपूरच्या पुढे, डांबरी रस्ता संपून लाल मुरमाचा सुरू व्हायचा तिथे, बाबांना वनखात्याचं क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, वर कौलं, पुढे पडवी आणि पडवीच्या तिन्ही बाजूंना साग. आषाढातली रात्र होती. आठवडाभर उघडीप पडलेली. आणि तरीही कौलांवर, कुंपणावर, अंगणातल्या वाळल्या पाचोळ्यावर बारीक, एकसुरी, न थांबणारी टिपटिप चालली होती, झोपेत कुणी तांदूळ निवडत बसावं तशी. मी दार उघडून हात बाहेर धरला. तळवा कोरडाच राहिला. मग त्यावर मोहरीएवढे काळपट दाणे साचू लागले. एक, दोन, पाच. बाबा मागे येऊन उभे राहिले, कंदील वर धरला आणि म्हणाले, "अळी आली."

वरच्या अंधारात असंख्य तोंडं सागाची कोवळी पानं खात होती, आणि त्यांची विष्ठा पावसासारखी झरत होती. त्या रात्री मी जागीच राहिले. रान खाल्लं जाताना आवाज करतं, आणि तो आवाज इतका मृदू असतो, याची भीती वाटली होती की गंमत, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

उजाडलं तेव्हा अंगणभर रेशमाच्या तारा लोंबत होत्या. काळसर अंगाच्या, पाठीवर नारिंगी रेघ ओढलेल्या अळ्या त्या तारांवरून झुलत खाली उतरत होत्या. केसांत, दप्तरावर, डब्याच्या झाकणावर येऊन बसत होत्या. पानाची कड कातरायची, तिची घडी घालायची, आतून रेशमानं टाचायची, आणि त्या घडीत राहायचं, असं त्यांचं घर. नखाएवढं ते घर इतक्या निगुतीनं बांधलेलं होतं की बोटानं उसवताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. आठ-दहा दिवसांत सगळं उरकलं. पानांच्या जागी जाड शिरा तेवढ्या राहिल्या. आणि मग उजेड बदलला. पावसाळ्यात सागबनातला उजेड हिरवा असतो, विहिरीच्या तळाशी बसून वर पाहावं तसा. त्या वर्षी मात्र आमच्या पडवीत भर आषाढात चैत्रातलं ऊन येऊन बसलं, पांढरं, उघडं, आडपडदा नसलेलं, आणि त्या उन्हात गहू पाखडणाऱ्या आईच्या चेहऱ्यावरच्या रेषा मला पहिल्यांदाच दिसल्या.

मला रडू आलं.

मागच्या झोपडीत राहणारे वनमजूर काका कुऱ्हाडीला धार लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पान खाल्लं त खाऊ दे ना बाई. झाड थोडीच खाल्लं."

आणि खरंच, दोन-तीन पाऊस झाले आणि प्रत्येक उघड्या फांदीच्या टोकाला पुन्हा पालवी आली. सागाची कोवळी पालवी तांबूस असते. ती तळहातावर घेऊन चुरगाळली की हात लाल होतात, मेंदी लावल्यासारखे, आणि हा रंग कुठल्याही साबणाला दाद देत नाही. आम्ही बहिणी त्या श्रावणात लाल हात घेऊन हिंडत होतो. ज्या पानांसाठी मी रडले होते त्यांच्याच जागी आलेली ही पानं आपण खेळायला तोडतो आहोत, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

भाद्रपद-अश्विनात दुसरी अळी यायची. तिची रीत निराळी. पहिली कोवळं पान जाड शिरांपर्यंत फस्त करणारी, तर ही जून झालेल्या पानावर पातळ जाळं विणून त्याच्या आड बसायची आणि दोन शिरांमधला हिरवा गर तेवढा हलक्या हातानं वेचून घ्यायची. मागे राहायची ती जाळी. हातभर लांबीचं, सुपाएवढं पान, आणि त्यात एक थेंबही हिरवा नाही; नुसत्या शिरा, शिरांना फुटलेल्या शिरा, त्यांनाही फुटलेल्या आणखी बारीक शिरा, आकाशाकडे धरलं तर त्यातून ढग दिसायचे. विदर्भातल्या रस्त्यांवरून त्या दिवसांत गेलात तर डोंगरच्या डोंगर तांबूस, जळल्यासारखे दिसतात, आणि गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "इथे वणवा लागला होता का?" शाळेतल्या मैत्रिणींच्या पुस्तकात पाण्यात कुजवून, ब्रशनं घासून तयार केलेलं पिंपळाचं पान असायचं. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात सागाचं असे. ते मावायचं नाही. दोन घड्या घालाव्या लागत.

ती जाळी माझ्यापाशी अजून आहे. घड्यांवर विरली आहे, पण आहे.

या अळ्यांच्या मागे माणसांनी आयुष्यं घातली आहेत, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. केरळातल्या नीलांबूरला गेले होते, जिथे 1840 च्या दशकात कॉनोली नावाच्या मलबारच्या कलेक्टरानं सागाची पहिली लागवड करवली आणि चातू मेनन यांनी ती प्रत्यक्षात उभी केली. त्या लागवडीतली काही झाडं चालियार नदीच्या काठावर अजून उभी आहेत, देवळाच्या खांबांसारखी, आणि त्यांच्याखाली गेलं की माणूस आपोआप हळू बोलतो. तिथल्याच सागबनांत केरळ वनसंशोधन संस्थेतल्या के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माझ्या लहानपणीच्या त्या अळीची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. काही झाडं औषध फवारून जपली, काही अळीच्या हवाली केली, आणि मग मोजत बसले. 1985 साली त्यांनी जे मांडलं ते असं: चार ते आठ वर्षांच्या वयात अळी लागलेल्या झाडांची लाकडाची वाढ, जपलेल्या झाडांच्या तुलनेत, 44 टक्क्यांनी कमी भरली.

झाडं मेली नव्हती. काकांचं म्हणणं खरंच होतं. पण झाड त्या काळात जे व्हायचं होतं ते झालं नाही; जी ताकद लाकडात साठायची ती पुन्हा पुन्हा पानं घडवण्यात खर्ची पडली. मी त्या आकड्यापाशी कितीतरी वेळ थांबले. न वाढलेलं लाकूड कसं दिसत असेल? ते कुठे ठेवलेलं असतं? आईनं आमच्या शिक्षणाच्या वर्षांत न घेतलेल्या लुगड्यांसारखं, न केलेल्या यात्रांसारखं ते असेल: कुठेच दिसत नाही, आणि तरी त्याचं माप असतं.

आमच्याकडे सागवानी झोपाळा आहे. बाबांनी निवृत्तीच्या वर्षी करून घेतलेला. त्याच्या पाटाच्या कडेला लाकूड आडवं कापलं गेलंय, आणि तिथे वर्तुळांचे कमानीसारखे तुकडे दिसतात, काही बोटाच्या पेरात दोन, काही नखाच्या रुंदीत चार. साग वर्षाला एक वर्तुळ स्पष्ट उमटवतो, आपल्या उष्ण देशातल्या फार थोड्या झाडांना हे येतं. पुण्याच्या पाषाण रस्त्यावरच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत हेमंत बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातल्या जुन्या सागांची अशी वर्तुळं वाचली आणि 1481 पासून 2003 पर्यंतचा, 523 वर्षांचा पट उलगडला. ज्या वर्षी एल निनोनं पाऊस ओढला त्या वर्षीचं वर्तुळ अरुंद. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या कितीतरी आधी कुठला एक पाऊस कमी पडला होता, ते एका झाडाला ठाऊक होतं, आणि त्यानं कुणालाही न सांगता ते जपलं.

झोपाळ्यावर बसून मी त्या कडेवरून बोट फिरवते. बाबा गेले त्यानंतरची दोन वर्षं मी काही लिहिलं नाही, कुठे गेले नाही, घरातली झाडंसुद्धा शेजारणीनं जगवली. माझ्या आत कुणी आडवा छेद घेतला तर तिथे रेघा अशाच एकमेकींना चिकटलेल्या निघतील. पण तुटलेल्या नाहीत.

नीलांबूरच्या त्या अभ्यासातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेळेची आहे. अळी काही पानासाठी थांबत नाही, ती पावसासाठी थांबते. वळवाच्या सरी आल्या, वारा फिरला की पतंग येतात. पुढचे पंख पाचोळ्याच्या रंगाचे, आणि उडताना मागचे उघडले की काळ्यावर नारिंगी डाग झळकतात. सुरुवातीला रानात त्यांचे लहान लहान ठिपके पडतात, तिथे शेकड्यांनी अंडी, मग त्या ठिपक्यांतून पुढची पिढी सगळीकडे. त्याच सरींनी साग पालवतो. पाऊस, पालवी आणि पतंग हे तिघे एकाच मुहूर्ताला मांडवात शिरतात. त्यात कर्नाटकाकडे 'तेली' म्हणून सागाचा एक वाण आहे, तो इतरांच्या आधीच पालवतो. पतंग येतात तोवर त्याची पानं जून, राठ झालेली असतात. त्याच्याकडे कडू रस नाही, काटे नाहीत. तो फक्त लवकर उठतो. पहाटे उठून, सडा घालून, सगळं आवरून बसणाऱ्या आजीसारखा. दारावर संकट आलं तेव्हा घरातलं सगळं जागच्या जागी.

आणि अळीचीही वेळ चुकते. तिला एक विषाणू लागतो. नीलांबूरमध्येच सुधींद्रकुमार आणि सहकाऱ्यांनी तो शोधून ओळखला. आजारी अळी पानाला उलटी लटकते, आत वितळत जाते, कातडी फुटून तो पांढुरका द्रव खालच्या पानावर ओघळतो आणि ते पान खाणारी दुसरी अळीही लटकते. वर्षभर कुठे दडलेला हा रोग गर्दी वाढली की जागा होतो. संशोधकांनी मग तोच विषाणू थोडा पाण्यात कालवून, अळ्या लहान असतानाच, पानांवर फवारून पाहिला. म्हणजे रानाच्याच हातातलं औषध रानाला, फक्त वेळेवर. शिवाय पक्षी आहेत. अळी आली की सागबनात कोतवाल, साळुंक्या, कावळे यांची अशी झुंबड उडते की आवाजानं रान भरून जातं. जावा बेटावर तर माणसंही सागाखालचा पाचोळा चाळून या अळीचे कोष गोळा करतात आणि तळून खातात. ज्यानं आपली पानं नेली त्यालाच ताटात वाढून घेणं, यात मला राग दिसत नाही. एक जुनी ओळख दिसते.

सगळीच रानं इतकी धीराची नसतात. आमच्या ईशान्येला, गोंदियाच्या पलीकडे बालाघाट ओलांडलं की साग मागे पडतो आणि साल सुरू होतो. कान्हाला पहिल्यांदा गेले तेव्हा त्या सालवनात शिरताना छातीत काहीतरी उघडलं होतं; सागाच्या कोरड्या, खरखरीत उजेडानंतर तो गार, ओलसर, मोहरीच्या फुलासारखा पिवळसर हिरवा उजेड. सालाच्या अंगात राळ असते. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात धुपासोबत मिळायची तीच. पहिल्या पावसाबरोबर एक मोठा, लांब मिशांचा भुंगेरा बाहेर पडतो, सालाच्या सालीत अंडी घालतो, आणि त्याची अळी आत आत, थेट गाभ्यापर्यंत पोखरत जाते. निरोगी झाड तिला राळेत बुडवून मारतं. आपल्या जखमेतून वाहणाऱ्या रसातच शत्रूला पुरून टाकणं ही त्याची लढाई. पण भुंगेरे फार झाले की राळ पुरत नाही. 1990 च्या दशकाच्या शेवटी मंडला-दिंडोरीकडे तेच झालं. बुंध्यापाशी भुशाचे ढीग साचत गेले, पानं वाळली, आणि लाखो साल तोडावे लागले. त्या दिवसांत रानातली माणसं ताज्या सालाच्या ओंडक्यांची साल ठेचून ठेवायची. त्या रसाच्या वासानं भुंगेरे लांबून यायचे, रस पिऊन सुस्तावायचे, मग हातानं वेचायचे, मोजायचे, मोजणीवर मजुरी. वर्तमानपत्रातला एक फोटो आठवतो: एका बाईच्या पदरात भुंगेरे, मोहफुलं वेचून आणावीत तसे.

ते सालवन कुणी लावलेलं नव्हतं. आपलं आपण उगवलेलं, जुनं, मुरलेलं रान होतं. म्हणून मला 'माणसानं हात लावला नाही की सगळं ठीक असतं' असं सहजी म्हणवत नाही.

जर्मनीत भाचीकडे गेले होते तेव्हा तिनं मला हार्त्सच्या डोंगरात नेलं. जुन्या वाफेच्या गाडीनं ब्रोकेन शिखराकडे चढताना दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं उभी होती, एकही सुई न उरलेली, राखाडी, भर उन्हाळ्यात. डोंगरामागून डोंगर. शतकानुशतकं तिथल्या खाणींना लाकूड लागलं म्हणून एकाच जातीची रांगेत लावलेली झाडं. 2018 पासून ओळीनं आलेली कोरडी, तापलेली वर्षं. तहानलेल्या खोडात राळ आटली. आणि मग तांदळाच्या दाण्याहूनही लहान एक भुंगेरा. एरवी वर्षाला त्याच्या दोन पिढ्या होतात, उन्हाळा लांबला की तिसरीही. जर्मन लोक त्याला 'बुखड्रुकर' म्हणतात. पुस्तक छापणारा.

पडलेल्या झाडाची साल भाचीनं उचलून माझ्या हातात दिली, "आत्या, उलटी करून बघ." आतल्या बाजूला आईनं कोरलेली एक उभी वाट, आणि तिच्या दोन्ही अंगांना पिल्लांनी खात खात काढलेल्या आडव्या रेघा, सुरुवातीला सुतासारख्या, पुढे रुंद होत गेलेल्या. ओळीखाली ओळ. समासही सोडलेला. मला भूगोलाच्या पुस्तकातलं ते सागाचं पान आठवलं. तिथे किड्यानं मजकूर खाऊन ओळी ठेवल्या होत्या, इथे ओळी खाऊन मजकूर केला होता.

मग मी खाली पाहिलं. हार्त्सच्या राष्ट्रीय उद्यानात पुष्कळ ठिकाणी मेलेली झाडं उचलत नाहीत, तशीच राहू देतात. पडलेल्या खोडांच्या आडोशाला, हरणांचं तोंड पोहोचत नाही अशा फटींतून, बर्चची पांढरट रोपं आणि लाल फळांचे घोस लागणारी रोवनची रोपं वर आली होती. स्प्रूसचीही होती, पण आता एकटी नव्हती. संशोधक तिथे दरवर्षी येऊन हीच रोपं मोजतात: कुठलं आलं, किती आलं, कुणाच्या सावलीत आलं. मेलेल्यांच्या मधे ओणवं होऊन उगवणाऱ्यांची शिरगणती करणारी ती तरुण मुलं मी लांबून पाहिली. त्यांच्या पाठीवर ऊन होतं. एक मुलगी रोपाला हात न लावता, श्वास धरून त्याची उंची घेत होती.

परत आल्यावर मला आमचं रान निराळं दिसू लागलं. आता अळी आली की मी रडत नाही. बहिणीला फोन करून सांगते, 'आली गं.' ती तिकडून विचारते, 'आवाज येतो का?' पण मुहूर्ताचं काय, हा प्रश्न पाठ सोडत नाही. उष्म्यानं किड्याची वाढ झपाट्यानं होते; पालवी सरींवर, सरी वाऱ्यावर, वारा समुद्रावर अवलंबून. समुद्रच तापत असेल तर मांडवात कोण आधी येईल, कोण उशिरा? लवकर उठणाऱ्या त्या तेली सागाची पहाट कुणी हलवली तर तो कशाच्या भरवशावर उठेल? वर्तुळं वाचणारे, अळ्या मोजणारे, रोपांची उंची घेणारे हे सगळे लोक माझ्या मनात आता एकाच घड्याळाभोवती बसलेले असतात, कान देऊन, त्याची टिकटिक कुठे अडखळते ते ऐकत. मला त्यांच्याविषयी फार माया वाटते. त्यांनी मोजलं नसतं तर झाडानं न केलेली वाढ कुणाच्याच हिशेबात आली नसती.

मागच्या फाल्गुनात चंद्रपूरकडे गेले होते. क्वार्टर आता नाही. त्याच्या जोत्यावर घाणेरी माजली आहे. जवळच एका ओळखीच्यांकडे उतरले. साग पूर्ण निष्पर्ण होते, जमिनीवर सुपाएवढ्या वाळल्या पानांचा थर, त्यात कितीतरी जाळीची. पाऊल टाकलं की सगळं रान आपण आलो म्हणून सांगायचं. वनमजूर काका कधीच गेले, त्यांचा नातू सायकलवरून मोह वेचायला निघाला होता. "ह्या वर्षी मोह लवकरच पडून रायला जी," तो म्हणाला, आणि पुढे काही न बोलता आकाशाकडे पाहून घेतलं.

रात्री मला जाग आली. बाहेर टिपटिप चालली होती. बारीक, एकसुरी, तांदूळ निवडल्यासारखी. क्षणभर मी आठ वर्षांची झाले, बाबा मागे कंदील घेऊन येतील असं वाटलं. पण फाल्गुनात सागाला पानच नसतं. अळी काय खाणार?

अंधारात चाचपडत दाराशी गेले, कडी काढली आणि हात बाहेर धरला.

तळवा ओला झाला.